सगळ्या विभागांचे आकडे हिरवे, तरी पेशंट दुपारपर्यंत बेडवरच: माझा अनुभव

मी बारा वर्षं वॉर्डात नर्स होते, मग त्याच हॉस्पिटलच्या ऑपरेशन्स टीममध्ये आले आणि पहिलंच काम हातात आलं ते डिस्चार्जला लागणाऱ्या वेळेचं. तक्रार जुनीच. डॉक्टर सकाळी राउंडला सांगतात "आज घरी जा" आणि माणूस बाहेर पडतो तीन-चारला, कधी कधी पार संध्याकाळ होते. तिकडे इमर्जन्सीत ज्यांना ॲडमिट करायचं ठरलंय ते स्ट्रेचरवर ताटकळत पडलेले, कारण वर बेड नाही.

पहिल्या मीटिंगला सगळे आपापले आकडे घेऊन आले. फार्मसी म्हणाली फाईल आमच्याकडे आली की अर्ध्या तासात बाहेर, बिलिंग म्हणालं पाऊण तास, लॅबचे रिपोर्ट वेळेत, हाउसकीपिंगचं बेड साफ करणंही वेळेत. सगळं हिरवं. आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं, हे मला आजही फार महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा कुणाचाच आकडा चुकीचा सापडेना म्हटल्यावर शेवटी सगळं नर्सिंगवर आलं.

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी वही घेतली आणि एका आजोबांच्या फाईलच्या मागे दिवसभर फिरले. साडेनऊला डॉक्टर "घरी जा" म्हणाले. डिस्चार्ज समरी (घरी जाताना देतात तो आजार-उपचारांचा सारांश) लिहायची ती ज्युनियर डॉक्टरांनी, ते ओपीडीत, बारापर्यंत सुटणार नाहीत. समरी झाली तर फाईल ट्रेमध्ये पडून, कारण वॉर्डबॉय मामा तीन-चार फायली जमल्या की एकदमच खाली नेतात (त्यांना चार वॉर्ड एकट्याने बघायचे असतात, त्यांचंही बरोबरच आहे). उरलेली औषधं परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, ती मोजायची सिस्टरने, आणि सिस्टर त्या वेळी दुपारची औषधं देत फिरतेय. आजोबा कपडे बदलून, बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन बेडच्या कडेला बसलेले आणि हातात सलाईनची सुई अजून तशीच, कारण आमच्याकडे क्लिअरन्स आल्याशिवाय ती काढायची नाही अशी पद्धत. मी स्वतः इतकी वर्षं तीच पद्धत पाळली होती. तीन वाजून दहा मिनिटांनी ते गेले. रात्री बसून बेरीज केली, एकूण ५ तास ४० मिनिटं, त्यातला कुणाचा तरी हात फाईलवर होता असा वेळ जेमतेम सव्वा तास. बाकी सगळा वेळ फाईल दोन विभागांच्या मध्ये कुठेतरी पडून होती, आणि त्या मधल्या वेळेवर कुणाचंच नाव नव्हतं.

एवढं दिसूनही पहिला उपाय आम्ही चुकीचाच केला. फार्मसीत एक माणूस वाढवला. महिनाभर काही फरक नाही, कारण ओपीडी सुटली की सगळ्या वॉर्डांच्या फायली बारा ते एकमध्ये एकदम येऊन आदळायच्या आणि सकाळी तोच जास्तीचा माणूस रिकामा असायचा. गर्दी तयार होत होती वर आणि आम्ही माणसं वाढवत होतो खाली.

मग मॅनेजमेंटला समजावताना मला उपयोगी पडला तो लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. अगदी साधा आहे, आत सरासरी किती माणसं असतात = किती दराने येतात × प्रत्येक जण सरासरी किती वेळ राहतो. समजा रोज ४० जण ॲडमिट होतात आणि प्रत्येकाचे ४ तास वाचले, तर १६० तास होतात, २४ ने भागा, सहापेक्षा जास्त बेड एकही खाट न घेता मोकळे होतात. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा इमर्जन्सीचे डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकले, कारण त्यांची गर्दी वरच्या मजल्यावरच्या फायलींमुळे होते हे कुणी आकड्यात पहिल्यांदाच मांडत होतं.

त्यानंतर उद्या जाणाऱ्यांची यादी आदल्या दुपारीच करायला लागलो, समरीचा मसुदा संध्याकाळी, औषधांची मोजणी रात्रपाळीत. बेड अकराला रिकामे व्हायला लागले. आणि रिकामेच राहिले! हाउसकीपिंगची जास्त माणसं दोनच्या पाळीला यायची, कारण इतकी वर्षं बेड तेव्हाच सुटायचे. तिथल्या सुपरवायझर ताई म्हणाल्या, "मॅडम, आधी सांगितलं असतं तर पाळी बदलली असती, आम्हाला कुणी मीटिंगला बोलावलंच नाही." खरं होतं, मी बोलावलं नव्हतं. पाळी आठवड्याभरात बदलली.

सगळ्यात अवघड गेलं ते आकडा बदलणं. आम्ही एकच आकडा ठरवला, डॉक्टरांनी "जा" म्हटल्यापासून त्याच बेडवर पुढचा पेशंट येईपर्यंतचा वेळ, सगळ्यांचा मिळून. फार्मसीचे प्रमुख सरळ म्हणाले, "माझ्या लोकांचं अप्रेझल आमच्या अर्ध्या तासावर ठरतं, तुमचा आकडा मी का घेऊ?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. जोवर अप्रेझलमध्ये तो सामाईक आकडा आला नाही तोवर कुणी मनापासून हललं नाही, आणि त्याला पाच महिने लागले.

विभाग मोडायला हवेत असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. फार्मासिस्टने डोस आणि औषधं एकमेकांना चालतात का हे शांतपणे तपासायलाच हवं, तिथे घाई नको. घाईत घरी पाठवलेला माणूस परत येऊ नये म्हणून आम्ही ३० दिवसांतली रीॲडमिशन पण त्या सामाईक आकड्याच्या शेजारीच बोर्डावर लावली. अमेरिकेत मेडिकेअर (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) २०१२ पासून ठराविक आजारांसाठी ह्याच मुदतीवर हॉस्पिटलचे पैसे कापतं, त्यामुळे हे माप बऱ्याच जणांना ओळखीचं असेल.

रविवार अजून सुटलेला नाही, त्या दिवशी सीनियर डॉक्टरांचा राउंड उशिरा होतो आणि सोमवारी सकाळी इमर्जन्सी परत भरते. सुईचं मात्र लगेच झालं, आता डॉक्टर "जा" म्हणाले आणि शेवटचं इंजेक्शन झालेलं असलं की सिस्टर ती तिथल्या तिथे काढते.