न सांगता येणारी वेदना
आज अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाची कूस बदलताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मुठी आवळल्या आणि यंत्राचा अलार्म वाजू लागला. नाडी व रक्तदाब मात्र जवळपास तसेच राहिले. घशात नळी असलेला माणूस दुखते असे सांगू शकत नाही, म्हणून चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण देऊन आम्ही वेदना मोजतो. 8 पैकी 5 गुण झाले. झोपेच्या औषधाने माणूस शांत दिसतो, पण दुखणे थांबतेच असे नाही, म्हणून डॉक्टरांच्या सूचनेनुसार आधी फेंटॅनिल हे वेदनाशामक दिले. काही मिनिटांत आवळलेली मूठ माझ्या हातात सैल झाली. खरे तर ते औषध कूस बदलण्यापूर्वीच द्यायला हवे होते, ही रुखरुख घरी आल्यावरही गेलेली नाही.