तुम्ही विचारलंत म्हणून: बमगार्नर की पोझी?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असले तरी कुणीतरी विचारतंच, ऑफिसात तर विचारतातच, आणि मागे नाशिकहून मामा आले होते त्यांना मॅच दाखवायला नेलं तर सातव्या इनिंगपर्यंत त्यांनीही विचारलं. आमच्या बेसबॉल टीमचा, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा, 2010 ते 2019 या दहा वर्षांतला सगळ्यात भारी प्लेअर कोण, पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) मॅडिसन बमगार्नर की कॅचर (प्लेटमागे बसून तो धरणारा) बस्टर पोझी? मी पोझी म्हटलं की लगेच समोरून येतं, "अगं पण 2014?" म्हणून आज नीट लिहूनच टाकते.

आधी 2014 बद्दल. बमगार्नरला कमी लेखायचा माझा अजिबात विचार नाही, त्या ऑक्टोबरमध्ये त्याने जे केलं ते मी पुन्हा बघेन असं मला वाटत नाही. कॅन्सस सिटीविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, 21 इनिंग्स टाकल्या आणि रन दिला फक्त एक. पाचव्या मॅचमध्ये अख्खी मॅच एकट्याने टाकली, एकही रन न देता, 117 पिचेस (टाकलेले बॉल), आणि मग दोनच दिवसांच्या विश्रांतीवर सातव्या मॅचला पाचव्या इनिंगमध्ये परत उतरला, आपण 3-2 ने पुढे, आणि तिथून शेवटपर्यंत तोच. आणखी 68 पिचेस. डावखुरा, धिप्पाड, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आमच्या हॉलमध्ये कुणी सोफ्यावर बसलेलंच नव्हतं. त्याच्यासाठी कुणी भांडत असेल तर मला त्याचं प्रेम कळतं.

पण माझा मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, तीन सीझन कॅचर होता, आणि तेव्हापासून मी मॅच प्लेटच्या (बॅटर उभा राहतो ती जागा) मागून बघायला लागले. आपण क्रिकेटवाले कॅचरला विकेटकीपर समजतो, मीही समजायचे, पण कुठला बॉल टाकायचा हे कीपर बॉलरला सांगत नाही, कॅचर सांगतो. दोन मांड्यांच्या मधे बोटं दाखवायची, एक बोट म्हणजे फास्टबॉल, आणि सावलीत पिचरला बोटं दिसत नाहीत म्हणून नखांना भडक रंग लावायचा, तर मॅचच्या आदल्या रात्री मी लेकाच्या नखांना पांढरं नेलपॉलिश लावून द्यायचे आणि तो हात पसरून, बोटं फाकवून फुंकर मारत बसायचा. दुसऱ्या दिवशी घरी आला की गळ्याखाली काळंनिळं झालेलं, आणि गुडघे सरळ करायला दोन मिनिटं लागायची. ते वय बारा वर्षांचं. पोझी हे वर्षाला शंभरएक मॅच करायचा आणि वर चौथ्या नंबरवर बॅटिंग. बमगार्नरसारखा स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा, पाच दिवसांतून एकदा येतो हो, आणि मग चार दिवस डगआऊटमध्ये बसतो. दहा वर्षांचा हिशोब मांडायचा तर हे धरावंच लागेल ना.

25 मे 2011. फ्लोरिडाविरुद्ध बारावी इनिंग, त्यांचा स्कॉट कझिन्स तिसऱ्या बेसवरून सुसाट आला आणि थेट पोझीच्या अंगावर. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, सीझन संपला. तो मातीत तोंड घालून पडलेला अजून डोळ्यासमोर येतो. (पुढे 2014 मध्ये प्लेटवरच्या टकरींसाठी नियम आला, लोक त्याला पोझीचाच नियम म्हणतात.) तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता हा मागे बसणार नाही, फर्स्ट बेसला पाठवतील. आणि पुढच्याच वर्षी हा माणूस परत प्लेटमागे, .336 च्या सरासरीने लीगचा बॅटिंग टायटल (सगळ्यात जास्त सरासरीचा मान), नॅशनल लीगमध्ये 1942 नंतर कुठल्याच कॅचरने तो मिळवला नव्हता, आणि वर एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेअर. त्या वर्षी सिनसिनाटीविरुद्धच्या पाच मॅचच्या सिरीजमध्ये पहिल्या दोन हरून तिसरी-चौथी जिंकून पाचवीला आलो तेव्हा त्यांच्या पिचरला, मॅट लेटोसला, मारलेला ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) त्याचाच. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्याच पिचर मॅट केनचा परफेक्ट गेम झाला, 27 बॅटर, 27 आऊट, तो कॅच करणाराही पोझीच.

आमचा दुसरा पिचर टिम लिन्सकम म्हणणारेही भेटतात. माझा फार लाडका, पण त्याचे दोन्ही साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) 2008 आणि 2009 चे, ते या दशकात धरताच येत नाहीत.

आता पुन्हा 2014, कारण माझं उत्तर मला तिथेच मिळतं. त्या सिरीजमध्ये पोझीची बॅट चालली नव्हती, मान्य. सातवी मॅच, नववी इनिंग, दोन आऊट. बमगार्नरने त्याआधी ओळीने 14 जणांना आऊट केलेलं, मग कॅन्सस सिटीच्या गॉर्डनच्या हिटवर आउटफिल्डमध्ये गोंधळ झाला आणि तो थेट तिसऱ्या बेसवर, म्हणजे साध्या हिटवरही बरोबरी. आणि समोर कोण, तर साल्वाडोर पेरेझ, अख्ख्या सिरीजमध्ये बमगार्नरने दिलेला एकमेव रन याच पेरेझच्या होमरनचा. तुम्ही तो व्हिडिओ बघाल तेव्हा पिचरकडे नका बघू, पोझीच्या ग्लोव्हकडे बघा. ग्लोव्ह वर. पुन्हा वर. सहाच्या सहा पिच उंच फास्टबॉल, कुठे वळणारा बॉल टाकून हुशारी नाही, कारण पेरेझला उंच बॉलवर मोह आवरत नाही हे त्याला ठाऊक. सहाव्यावर पेरेझने बॉल उडवला, तिसऱ्या बेसच्या बाजूला फाउलमध्ये, आमच्या सँडोव्हालने तो धरला आणि पाठीवरच पडला.

हात बमगार्नरचा होता, त्या थकलेल्या हाताने ते बॉल टाकणं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. पण कुठे टाकायचं ते खाली बसलेला माणूस सांगत होता, आणि 2010 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टेक्ससविरुद्ध, दोघंही रूकी (नवखे) असताना, बमगार्नर 21 वर्षांचा आणि पोझी 23 चा, तेव्हाही आठ इनिंग्स एक रन न देता काढल्या त्या यानेच बसून काढून घेतल्या होत्या. बमगार्नरच्या प्रत्येक मोठ्या रात्री समोर हाच. केनच्या रात्रीही हाच.

मामांना एवढं सगळं सांगेपर्यंत नववी इनिंग आली. मग ते उरलेली मॅच कॅचरच्या बोटांकडे बघत बसले.