बोल्ट जुळले, पण पंप बोटीचा नव्हता

तपासणीसाठी आलेल्या त्या बोटीच्या इंजिनावरचे झाकण उचलताच पेट्रोलचा उग्र वास आला. मालक इंजिन सुरू करून दाखवण्याच्या तयारीत होते. मी त्यांना किल्लीला हात लावू दिला नाही, सर्वांना खाली उतरवले आणि सगळी झाकणे उघडून वारा खेळू दिला. बॅटरीची तार सोडवायलाही कोणाला जाऊ दिले नाही, कारण तार सुटताना पडणारी ठिणगीसुद्धा अशा वेळी पुरेशी असते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीचे इंजिन खालून उघडे असल्याने ती बरीचशी निघून जाते. बोटीत ती बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, साचून राहते आणि हवेतले तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की पेट घेऊ शकते.

वाफ उरली नसल्याचे वायुशोधक यंत्राने दाखवल्यावर मी आत उतरलो. इंधनपंप मोटारीचा होता. अशा पंपातला इंधन ढकलणारा लवचीक पडदा (डायफ्रॅम) फाटला की पेट्रोल बाहेरच्या छिद्रातून ठिबकते, आणि येथे ते सरळ बिल्जमध्ये उतरत होते. बोटीसाठीच्या पंपात दोन पडदे असतात आणि पहिला फाटला तर गळती पारदर्शक नळीतून कार्ब्युरेटरकडे, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, जाते, त्यामुळे बिघाड डोळ्यांना दिसतो, पण थेंब बाहेर पडत नाही.

मला अधिक अस्वस्थ केले ते स्टार्टरने, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिली गती देणाऱ्या विजेच्या भागाने. तोही मोटारीचाच होता. स्टार्टर फिरताना आतील ब्रशांपाशी, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी, ठिणग्या उडतातच. बोटीच्या स्टार्टरचे आवरण असे बनवलेले असते की आत वाफ पेटली तरी ज्वाला बाहेर येऊन भोवतालची वाफ पेटवू शकत नाही. मोटारीच्या स्टार्टरकडून ही अपेक्षाच नसते. म्हणजे गळती आणि ठिणगी, दोन्हींची सोय एकाच कप्प्यात झाली होती.

दोन्ही भाग बोल्टाला बोल्ट जुळत होते, शिवाय स्वस्त होते, असे मालकांचे म्हणणे होते. ते खरेही होते, आणि नेमका धोका त्यातच आहे, कारण चुकीचा भाग बसलाच नसता तर कोणी फसले नसते. मी दोन्ही भाग त्यांच्यासमोर उघडून फरक दाखवला आणि बोटीसाठी प्रमाणित भाग बसेपर्यंत इंजिन सुरू करू नये, असे अहवालात लिहिले. ठिणगी पडू शकणारे इतर भाग, म्हणजे वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि स्पार्क प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, हेही त्यांनी त्याच दिवशी तपासून घेतले.