दोन तास कुणीच काही बोललं नाही

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी गेली अकरा वर्षं नर्स आहे, त्यातली चार इनचार्ज म्हणून. हा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

मॉर्निंग ड्युटी, नऊ बाळं आणि आम्ही तिघी. साडेआठच्या राऊंडला एका बाळाचा ब्लड रिपोर्ट फाईलला नव्हता, त्यावरून डॉक्टर सर माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले, बाळांच्या आया उभ्या होत्या काचेपलीकडे. रिपोर्ट लॅबकडूनच आला नव्हता पण ते ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मी गप्प बसले, आणि तो राग घेऊन वळले ते सरळ आमच्या नवीन मुलीवर. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून चार महिन्यांपूर्वी जॉइन झालेली, हात चांगला, लक्ष चांगलं. तिने एका फीडची एन्ट्री दहा मिनिटं उशिरा केली होती, एवढंच. "लिहिता येत नसेल तर इथे कशाला आलीस?" असं म्हणाले मी तिला. हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

त्यानंतर युनिट एकदम शांत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल किती शिस्तीत काम चाललंय. खरं तर एरवी आमच्याकडे सतत बडबड असते, "अगं याचा सॅच्युरेशन बघ", "हे बाळ आज जरा सुस्त वाटतंय", त्यातच निम्मं काम होतं. त्या दिवशी प्रत्येकजण मान खाली घालून आपापलं वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारा पाळणा, सांभाळत होता.

तिच्याकडे एक 30 आठवड्यांचं बाळ होतं, वजन 1200 ग्रॅम, दर दोन तासांनी नळीतून आईचं दूध. दहाच्या फीडआधी तिने नळीतून ओढून बघितलं तर थोडं हिरवट आलं, पोटाचा घेरही एक सेंटिमीटर वाढलेला. तिने दोन्ही चार्टवर नीट लिहिलं. आणि फीड दिलं. मला सांगितलं नाही.

बाराला कांगारू केअरसाठी, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरायला, आलेली त्याची आई मला म्हणाली, "सिस्टर, याचं पोट फुगल्यासारखं नाही वाटत?" मी हात लावला, पोट ताठ. चार्ट उघडला आणि दहाची एन्ट्री वाचून माझ्या पोटात गोळा आला. फीड बंद, नळी उघडी ठेवली, सरांना फोन, एक्सरे. आतड्याच्या भिंतीत हवा दिसली, म्हणजे एनईसी, मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना ज्याची सगळ्यात भीती असते तो आतड्याचा आजार. लगेच अँटिबायोटिक सुरू.

तिला बाजूला घेऊन विचारलं, का नाही सांगितलंस? रडत म्हणाली, "मला वाटलं माझंच मोजताना चुकलं असेल, तुम्ही परत रागवाल."

नंतर एका डॉक्टर मॅडमनी मला इस्राएलमधला एक अभ्यास दाखवला, 2015 मध्ये पेडिॲट्रिक्स या जर्नलमध्ये आलेला. एनआयसीयूच्या 24 टीम, समोर खोटं बाळ, आजार हाच एनईसी. काही टीमना एका परदेशी तज्ज्ञाने मध्येच त्यांच्या कामाबद्दल टाकून बोललेलं ऐकवलं. त्या टीमचं निदानही कच्चं पडलं आणि हातातलं कामही, कारण त्यांनी एकमेकांना माहिती कमी दिली आणि मदत कमी मागितली. आमच्याकडे तेच घडलं होतं, फक्त बाळ खरं होतं. लोक म्हणतात ओरडल्याशिवाय आयसीयू चालत नाही. मला हे आता अजिबात पटत नाही.

बाळाला ऑपरेशन लागलं नाही, दहा दिवसांनी हळूहळू दूध सुरू झालं. मी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण ओरडलेही सगळ्यांसमोर होते. सरांशीही बोलले, राऊंडला नाही, नंतर त्यांच्या केबिनमध्ये. त्यांनी ऐकून घेतलं, आवाज अजून कधीकधी चढतो.

तीनेक आठवड्यांनी ती माझ्याकडे आली, "सिस्टर, चार नंबरचं पोट बघता का, मला शंका येतेय." मी गेले, परत मोजलं, काहीच नव्हतं. तिचा चेहरा पडला. म्हटलं, पुढच्या फीडला परत बोलाव मला.

तिने बोलावलं.