आमची वाटचाल: भोसरीचा गाळा आणि फोटॉनच्या जोड्या

भोसरी एमआयडीसीतला आमचा गाळा बाहेरून शेजारच्या गाळ्यांसारखाच दिसतो. दोन सीएनसी, एक जुना लेथ, आणि आत काचेचं पार्टिशन टाकून केलेली असेंब्लीची खोली, जिथे चपला बाहेर काढाव्या लागतात. २००९ पासून आम्ही गाड्यांच्या सुट्या भागांचे जॉब करायचो. व्हेंडरचे व्हेंडर. दर वर्षी न चुकता एकच पत्र यायचं: रेट कमी करा.

२०१६ मध्ये एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी ड्रॉइंग घेऊन आली. आरसा धरायचा एक माउंट हवा होता, बाहेरून मागवला तर तीन महिने लागणार होते. मी विचारलं, किती नग? म्हणाली, एक. आमच्या लेथवाल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. आमच्याकडे एक नग म्हणजे सॅम्पल; त्यांच्याकडे तीच पूर्ण ऑर्डर. हिशेबात न बसणारं काम होतं, पण करून दिलं. मग ती येतच राहिली.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिने मागितली क्रिस्टलची भट्टी. भट्टी म्हणजे काय, तर काड्यापेटीएवढा तांब्याचा ठोकळा, त्यात खाच, खाचेत क्रिस्टल, आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागाइतकं स्थिर. एवढं कशाला, हे तिने चहा पिता पिता सांगितलं. जांभळ्या लेझरचा ४०५ नॅनोमीटरचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, क्रिस्टलमध्ये शिरतो आणि कधीतरी त्याचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात. बाकीचे कोट्यवधी तसेच आरपार जातात. तापमान हललं की जोडीतल्या दोघांचे रंग एकमेकांपासून सरकतात. नीट जुळलेली जोडी एकमेकांत गुंतलेली असते: एक इकडे मोजला, एक तिकडे, आणि दोन्हीकडे मोजायची एकच दिशा निवडली असेल तर उत्तरं जुळतात. आधी कुणालाच माहीत नसलेली ती उत्तरं, तीच गुप्त निरोप कुलूपबंद करायची किल्ली. भौतिकशास्त्रज्ञ आर्टुर एकर्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेली पद्धत हीच. मधे कुणी कान लावलाय का, हे बेलच्या कसोटीने कळतं; तिच्यात जोड्यांच्या उत्तरांवरून एक आकडा काढतात. आधी ठरवून आणलेल्या उत्तरांचा आकडा २ च्या वर जात नाही. खऱ्या गुंतलेल्या जोड्यांचा २.८२ पर्यंत जातो. चोराने हात घातला की आकडा खाली येतो. मी म्हटलं, म्हणजे कुलपालाच कळतं. ती म्हणाली, काका, तसंच समजा.

त्या भट्टीचं झाकण आमची सगळ्यात मोठी फजिती. सुरेख काळं ॲनोडायझिंग करून दिलं. आठवड्याने फोन: डिटेक्टरवर नको तो उजेड येतोय. मला वाटलं फट राहिली, म्हणून दोनदा नव्याने केलं. शेवटी ती संध्याकाळी आली आणि म्हणाली, गाळ्यातले दिवे बंद करा, झाकण सीसीटीव्हीखाली ठेवा. कॅमेरा रात्री स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो. स्क्रीनवर आमचं काळंकुळकुळीत झाकण दुधासारखं पांढरं! तो काळा रंग फक्त आपल्या डोळ्यांसाठी काळा. ८१० नॅनोमीटरला, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, तो पारदर्शक, आणि खालचं ॲल्युमिनियम आरशासारखं. मग आतून काजळीचा रंग लावला, तेव्हा ते स्क्रीनवरही काळं झालं.

२०२१ मध्ये खोलीचा एसी आणि मोजमापाची उपकरणं घ्यायला कर्ज काढलं. बँकेच्या साहेबांनी विचारलं, प्रॉडक्ट नक्की काय? मी सांगितलं की २००४ साली व्हिएन्नात अशाच जोड्यांतून बनलेल्या किल्लीने बँकेचे पैसे पाठवून दाखवले होते. ते म्हणाले, बरं, फॉर्मवर ‘इंजिनिअरिंग जॉबवर्क’ लिहू. कर्ज मिळालं, तेव्हा तक्रार नाही. तक्रार आहे ती एका संस्थेच्या बिलाची. ११ महिने. फाइल कुठे आहे विचारलं की दर वेळी नवीन टेबलाचं नाव.

जानेवारी २०२२ मध्ये अहमदाबादला इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आणि फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी यांनी ३०० मीटर अंतरावरच्या दोन इमारतींमध्ये गुंतलेल्या फोटॉननी किल्ली पाठवली. त्यात आमचा स्क्रूसुद्धा नव्हता, पण बातमीची प्रिंट काढून लेथवर चिकटवली. २०२५ च्या जूनमध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओने हेच मोकळ्या हवेतून एक किलोमीटरहून लांब केलं. किल्ली सेकंदाला सुमारे २४० बिट. काका म्हणाले, एवढ्यात फोटोपण जाणार नाही. फोटो पाठवायचाच नाहीये, पाठवायची फक्त किल्ली. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०२० मध्ये ११२० किलोमीटरवर केलं तेव्हा वेग याहून कितीतरी कमी होता.

गाडीचे जॉब अजून चालू आहेत, पगार त्यातूनच होतात. अशा तंत्रज्ञानासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६००३ कोटी पेपरात वाचतो. आमच्यापर्यंत त्याचे शिंतोडे येतात, तेही तीन कोटेशनांनंतर. या महिन्यात मात्र सात भट्ट्यांची ऑर्डर आहे, एकाच ड्रॉइंगच्या. काकांनी ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, सातही सीसीटीव्हीखाली ठेवायच्या का? इन्स्पेक्शन शीटवर आता तो रकानाच आहे.