गुनाखान्याची नोंद कुठं असते?

मुलाकातीहून परतलेले नातेवाईक सांगतात, "पोराला वेगळं टाकलंय." कारागृह नांदेडचं असो, परभणीचं असो की हर्सूलचं, वकिलानं आधी एवढंच विचारावं: शिक्षा म्हणून टाकलंय की सुरक्षेसाठी? कोठडी तीच (तुरुंगातल्या शिक्षेच्या कोठडीला गुनाखाना म्हणतात), गजही तेच. पण शिक्षेला मुदत असते. 'सुरक्षा' म्हटलं की महिनोन् महिने कुणी विचारत नाही.

ज्या 1894 च्या कारागृह कायद्यावर ही सगळी घडण उभी राहिली, त्याच्या कलम 46 नं कोठडीबंदी, म्हणजे एकट्याला कोठडीत कोंडणं, एका वेळी 14 दिवसांच्या पुढं नेऊ दिली नाही. 14 दिवस भरले की पुन्हा आत टाकण्याआधी तेवढेच दिवस बाहेर ठेवायचं. दुसरा प्रकार 'वेगळी बंदी', तीन महिन्यांपर्यंतची. त्यात रोज किमान एक तास हिंडणं-फिरणं आणि निदान एका बंद्यासोबत जेवण बंधनकारक. दोन्हींत इतर कैदी नजरेला पडले पाहिजेत, बोलणं तेवढं बंद. शिक्षा देण्याचा अधिकार अधीक्षकाचा. जेलर किंवा हवालदारानं परस्पर गुनाखान्यात टाकलं तर ती शिक्षाच नव्हे. नोंद शिक्षा-पुस्तकात हवी: बंद्याचं नाव, नंबर, कसूर, तारीख, आधीच्या कसुरी, दिलेली शिक्षा.

न्यायालयानं सुनावलेला एकांतवास निराळा. तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 11 आणि 12 मध्ये आहे: एकूण तीन महिन्यांच्या वर नाही, सलग 14 दिवसांच्या वर नाही, आणि मूळ शिक्षा तीन महिन्यांहून जास्त असेल तर महिन्यात सात दिवसच.

तुरुंग मात्र सुरक्षेच्या नावाखाली परस्पर एकांतवास देतो; सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये सुनील बत्रा खटल्यात हेच पकडलं. फाशीची शिक्षा झालेल्याला स्वतंत्र कोठडीत पहाऱ्यात ठेवा, एवढं कायदा म्हणतो; त्याचा अर्थ एकांतवास असा काढायला तुरुंगाला मुभा नाही. त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या दंडाबेडीचाही प्रश्न होता. तिहारमध्ये दोनेक वर्षं त्याच्या पायात ती होती. दंडाबेडी म्हणजे दोन्ही घोट्यांत लोखंडी कडी आणि त्यांतून कमरेपर्यंत आलेल्या दोन सळ्या. बसणं, शौचाला जाणं, कूस बदलणं, सगळंच अवघड. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या पुढं गेला की घामानं कड्याखालची कातडी सोलते, आणि मधुमेही बंद्याची ती जखम लवकर भरत नाही. न्यायालय म्हणालं: कारण लिहून ठेवा, बंद्याचं म्हणणं ऐका, बेडी थोड्या काळापुरतीच घाला आणि कोठडीला कुलूप असताना रात्री सहसा घालूच नका. रात्रीच्या बेडीला माझ्या मते एकच कारण असतं, जाच.

हातकडीत बिघडतं ते बारीक गोष्टींत. दातेरी हातकडीला दुसरं कुलूप असतं; घातल्यावर किल्लीच्या टोकाची पिन दाबून ते लावायचं. ते विसरलं तर गाडीच्या गचक्यांनी कडी आपोआप आवळत जाते. मनगटाची वरवरची नस दबते आणि अंगठ्याची मागची बाजू बधिर होते, कधी कित्येक आठवडे. कडी आणि मनगटाच्या मध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे. हात पाठीमागं बांधलेला माणूस पडला तर तोंडावरच पडतो. त्याला पालथा पाडून पाठीवर गुडघा रोवणं तर जीवघेणं, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. 'श्वास घेता येईना' असं तो म्हणाला तर आधी कुशीवर वळवायचं, वाद नंतर.

कोर्टात नेताना सरसकट हातकडी चालत नाही. 1980 च्या प्रेमशंकर शुक्ला निकालानं ती अपवाद ठरवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43(3) नं आता सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, खून, बलात्कार, दहशतवाद अशा गुन्ह्यांतल्या आरोपींसाठी मुभा दिली आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे, हे कैदी पार्टीला, म्हणजे कैद्याला कोर्टात नेणाऱ्या पोलिसांना, कुणी तरी सांगायला हवं. बाळंतपणाच्या वेणा सुरू असलेल्या बाईला कुठलंही बंधन घालू नये, असं कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम सांगतात. 22 तास किंवा त्याहून अधिक माणसाशी धड संपर्क नसेल तर तो एकांतवास, आणि सलग 15 दिवसांपुढं तो अजिबात चालणार नाही, हेही त्यातच आहे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जीव द्यायच्या गोष्टी करणाऱ्याला 'जपण्यासाठी' एकट्याला कोंडणं. कोठडीत गज असतात, टॉवेल असतो, पायजम्याची नाडी असते, आणि धावून येणारं कुणी नसतं. त्याला सोबत द्यायची आणि डॉक्टरांना बोलवायचं.

1894 च्या त्याच कारागृह कायद्याच्या कलम 29 प्रमाणं एकांतवासाच्या कोठडीतून अधिकाऱ्याला कधीही हाक पोचण्याची सोय हवी, आणि 24 तासांपुढं ठेवलं तर दवाखान्याच्या माणसाची रोज फेरी. फेरी झाली की नाही, ते नोंदीतल्या तारखा आणि सह्यांवरून कळतं. एकाच शाईत, एकाच बैठकीत आठवडाभराच्या सह्या दिसल्या तर समजून जा.

कामाची गोष्ट ही: 1979 च्या दुसऱ्या बत्रा निकालानं सांगितलंय की गुनाखान्यासारखी शिक्षा सत्र न्यायाधीशाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे, तातडीमुळं आधी कळवता आलं नाही तर दोन दिवसांत. म्हणून अर्जात तीनच गोष्टी मागा: शिक्षा-पुस्तकातल्या नोंदीची प्रत, सत्र न्यायालयाला कळवल्याची तारीख आणि वैद्यकीय फेरीची नोंद. 'सुरक्षेसाठी' असं उत्तर आलं तर चौथी मागा: तो लेखी आदेश आणि त्याच्या फेरविचाराच्या तारखा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. तिथंही हललं नाही तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. दुसरं बत्रा प्रकरण तर तुरुंगातून गेलेल्या एका पत्रावरच उभं राहिलं होतं.