एमजीबीची घरघर: एका आवाजाचा माग काढताना आलेला माझा अनुभव

१९७१ सालची माझी एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वर्षाकाठी जेमतेम तीनशे मैल चालते. मी ऑक्सफर्डशायरमध्ये राहते आणि १९६२ ते १९८० या काळात ही गाडी जिथे तयार होत होती, ते अ‍ॅबिंग्डन माझ्या घरापासून अगदी जवळ आहे. शेजारच्या आजोबांनी वयोमानामुळे गाडी चालवणे सोडले तेव्हा त्यांच्याकडून ती मी घेतली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिला गॅरेजमध्ये उभी करायची व मार्चमध्ये बाहेर काढायची असा क्रम ठरून गेला. गेल्या वर्षी घरच्या अडचणींमुळे हा क्रम मोडला. ऑक्टोबरात उभी केलेली गाडी थेट जूनमध्ये बाहेर निघाली आणि पहिल्याच फेरीत पुढून कुठून तरी दळल्यासारखा आवाज येऊ लागला.

सुरुवातीला मला काळजी वाटली नाही. ब्रेकच्या डिस्क बिडाच्या असतात आणि इथल्या दमट हवेत त्यांच्यावर चार दिवसांतही गंज धरतो. मग आठ महिन्यांत धरला तर नवल नव्हते. दहाबारा वेळा ब्रेक दाबल्यावर गंज निघून गेला आणि त्याची खरखरही थांबली. पण ती थांबल्यावर तिच्याखाली लपलेला दुसरा आवाज स्पष्ट झाला. वीस मैलांच्या वेगाला सुरू होणारी आणि वेगाबरोबर चढत जाणारी ती एकसारखी घरघर होती, लांबच्या खोलीत कुणी जाते ओढत असावे तशी.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. रस्त्यावर एक चक्कर मारून त्यांनी गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले आहे असे सांगितले आणि चार आकडी खर्चाचा अंदाज दिला. एमजीबीचा गिअरबॉक्स काढायचा म्हणजे इंजिनही बाहेर काढावे लागते, त्यामुळे आकड्याबद्दल माझी तक्रार नव्हती. निदान कशावरून केले, या प्रश्नाला मात्र नीट उत्तर मिळाले नाही, म्हणून मी गाडी घरी आणली आणि रात्री अण्णांना फोन लावला.

आमचे अण्णा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते. त्यांनी एमजीबी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण त्यांचा पहिला प्रश्न असा होता की त्यानेच मला वाट सापडली. "अगं, नुसता आवाज येतो म्हणालीस तर काय कळणार? घरघर आहे का करकर? आणि गाडी उभी असताना येतो का?" गॅरेजवाल्यांना मी इंग्रजीत 'ग्राइंडिंग' एवढा एकच शब्द सांगितला होता. अण्णांच्या लेखी मात्र खरखर म्हणजे गंज किंवा कचरा, करकर म्हणजे धातूवर धातू, खडखड म्हणजे काहीतरी सैल, आणि घरघर म्हणजे गोल फिरणारी, आतून खराब झालेली वस्तू. "घरघर असेल तर बेअरिंग वाजतंय," ते म्हणाले, "आता कुठलं ते शोध. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर तुझं तुलाच कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी ठेवून इंजिन सुरू केले. या गाडीचे क्लचचे रिलीज बेअरिंग इतर बहुतेक गाड्यांसारखे गोळ्यांचे नसते, ते कार्बनचे एक कडे असते. ते झिजून संपले की त्याची धातूची वाटी प्रेशर प्लेटवर घासू लागते आणि क्लच दाबताच करकर ऐकू येते. उलट न्यूट्रलमध्ये घरघर असेल आणि क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. मी क्लच पुन्हापुन्हा दाबला आणि सोडला. दोन्ही स्थितींत इंजिनाच्या नेहमीच्या आवाजाखेरीज काहीच नव्हते.

मग रस्त्यावर गेले. चाळीस मैलांच्या वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घातली आणि नुसती वाहू दिली. इंजिन मंद झाले, घरघर होती तशीच राहिली. माझ्या मते हीच या साऱ्या शोधातली सर्वांत मोलाची चाचणी आहे, कारण दहा सेकंदांत तिने इंजिन, क्लच आणि त्यांच्याबरोबर फिरणारे गिअरबॉक्सचे पुढचे भाग यादीतून काढून टाकले. आता जे वाजत होते ते चाकांबरोबर फिरणारे होते. त्यानंतर त्याच वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहिला. मागच्या डिफरन्शियलचा दोष असता तर भार बदलताच आवाजाची पट्टी बदलली असती, ती बदलली नाही.

शेवटी मोकळ्या रस्त्यावरच्या वळणांवर कान देऊन ऐकले. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, आणि प्रत्येक डाव्या वळणाला घरघर वाढत होती. उजवीकडे वळताना ती जवळजवळ नाहीशी होत होती. आवाज पुढून येत होता हे आधीच कळले होते. म्हणजे पुढचे उजवे चाक.

घरी येऊन पुढची बाजू जॅकने उचलली, खाली स्टँड लावले आणि चाक वर-खाली धरून हलवले. फारसा प्ले, म्हणजे ढिलाई, जाणवला नाही. जो थोडा होता तो किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते तिचा, निघाला, कारण मुलाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितल्यावरही तो कायम राहिला. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी या वार्षिक सुरक्षा-तपासणीची सक्ती नाही. मी ती तरीही स्वखुशीने करून घेते आणि करून घ्यावी असेच माझे मत आहे. पण चाक हलवून पाहण्याच्या परीक्षेत प्ले नसलेले, फक्त वाजणारे बेअरिंग सापडेलच असे नाही, हे मला त्या दिवशी कळले.

डाव्या हाताची बोटे कॉइल स्प्रिंगवर टेकवून उजव्या हाताने चाक फिरवले, तेव्हा स्प्रिंगमधून बारीक थरथर बोटांना लागली. डाव्या बाजूला हेच केल्यावर स्प्रिंग शांत होती. तरीही ब्रेक पॅड घासत असतील किंवा डिस्कमागचा पत्रा वाकून लागत असेल ही शंका उरली होती, आणि खरे सांगायचे तर तसेच निघावे अशी माझी इच्छा होती. चाक काढले, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने वर टांगून ठेवला, म्हणजे त्याचा भार ब्रेकच्या नळीवर येणार नाही, आणि पत्रा डिस्कपासून मोकळा असल्याची खात्री केली. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चाक ज्यावर फिरते त्या स्टब अ‍ॅक्सलजवळ टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि मुलाला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, सावकाश फिरवायला सांगितले. घरघर थेट डोक्यात ऐकू आली. मुलानेही ऐकली.

तारांच्या चाकांच्या हबमध्ये, नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढण्यासाठी बाजूला एक भोक असते. हब फिरवून ते भोक पिनेसमोर आणावे लागते आणि सुईनाक पकडीने ती ओढून काढावी लागते. या एका पिनेने माझा पाऊण तास घेतला. नट आणि वॉशर निघाल्यावर हब हाती आला. बाहेरचे बेअरिंग ठीक होते. आतल्या बाजूचे ग्रीस ताकासारखे पांढुरके झाले होते, म्हणजे जुन्या ऑइल सीलमधून पाणी शिरले होते. रॉकेलने सारे स्वच्छ धुऊन आतल्या बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ते कडे, उजेडात धरली, आणि सगळा उलगडा झाला. तिच्या चकचकीत पृष्ठभागावर एकाच बाजूला पाच काळपट रेघा होत्या, एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर. रोलर त्या रेघांवर ठेवून पाहिला तर अंतर रोलरांच्या अंतराशी तंतोतंत जुळले. आठ महिने गाडी जागची हलली नव्हती, तिचा भार त्याच पाच रोलरांवर होता, आणि ओल्या ग्रीसमध्ये प्रत्येक रोलरने आपल्या खाली गंजाचा एक चर कोरला होता. चरावरून नख फिरवले की ते अडकत होते.

नवे भाग मिळायला अडचण आली नाही. पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, त्यामुळे आजही तिचा जवळपास प्रत्येक सुटा भाग टपालाने घरी येतो. जुन्या रेस पितळी दांड्याने ठोकून काढल्या आणि दोन्ही बेअरिंग व सील नवी बसवली.

खरे कौशल्याचे काम पुढे होते. अनेक गाड्यांत नट आवळून थोडा सैल सोडतात, तसे इथे चालत नाही. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो, त्याच्याबरोबर शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, आणि नट ४० ते ७० पौंड-फूट इतका घट्ट आवळल्यावर हबची ढिलाई इंचाच्या दोन ते चार हजारांश, म्हणजे सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असावी लागते. ही मापे गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत दिलेली आहेत. कटकट नको म्हणून स्पेसर आणि शिम काढून टाकणारेही भेटतात. ते मला धोक्याचे वाटते, कारण स्पेसरमुळे आतली सारी जुळणी एकसंध होऊन स्टब अ‍ॅक्सलला बळकटी येते. डायल गेजवर पहिले माप सहा थाउ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, आले. तीन थाउची एक शिम काढून पुन्हा सारे आवळले, तेव्हा काटा तीनवर थांबला. "तीन थाउ म्हणजे बरोब्बर मध्ये आलीस," अण्णा फोनवर म्हणाले, आणि स्प्लिट पिन नवीनच घातलीस ना, हे त्यांनी दोनदा विचारले.

त्या संध्याकाळी पंधरा मैलांची फेरी मारली. डाव्या वळणांवर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज तेवढा होता. पुढच्या रविवारी डावा हबही उघडला. तिथल्या रेसवर तशाच पण फार पुसट रेघा होत्या, नखाला न लागणाऱ्या. तीही बेअरिंग बदलली. या हिवाळ्यात चारही टायरांवर खडूने खूण केली आहे आणि दर दुसऱ्या रविवारी मी व मुलगा मिळून गाडी पाव फेऱ्याने पुढे ढकलतो. खूण सध्या डाव्या टायरवर वर आणि उजव्यावर थोडी मागे आहे.